सासऱ्यांचं आग्या मोहोळ

आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच वऱ्हाड पळालं, आणि त्याला कारण माझे सासरे. मानपानावरून, रुसव्याफुगव्यांवरून अडलेली लग्नं सगळ्यांनीच पाहिलेली असतात, त्यात काही विशेष नाही. पण नवरीच्या बापानं नुसत्या अंबाडीच्या दोरानं पाहुण्यांना रानोमाळ पळवलं, असं लग्न आमच्या भागात आमचंच. गोष्ट सत्त्याण्णवच्या वैशाखातली. तेव्हा हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता आणि आम्ही परभणीतच मोडत होतो.

सासऱ्यांचं नाव विश्वंभर, राहणार कुरुंदा. थोडी हळद, थोडा कापूस अशी शेती होती, पण ती ते वरकड काम म्हणून करायचे. त्यांचा खरा जीव दोर वळण्यात. अंबाडीची भाजी आमच्याकडं सगळेच चवीनं खातात. सासऱ्यांना मात्र त्या झाडात भाजी कधी दिसलीच नाही. ती पुरुषभर उंच वाढू द्यायची, कापून तिच्या पेंढ्या ओढ्यात भिजत घालायच्या, सडल्या की साल सोलून धुवायची आणि मग निघणारा पांढरा, लांबसडक वाख वाळवून त्याचा दोर वळायचा. ओढ्यात अंबाडी सडत असली की वास असा सुटायचा की माहितगार पाहुणे त्या दिवसांत कुरुंद्याला यायचं टाळत. माझ्या सासूबाई, आशाबाई, म्हणायच्या, "लग्नात अत्तर लावून आले व्हते. त्याच्यावर भुलले मी."

दोर मांडीवर वळून वळून त्यांच्या उजव्या मांडीवर एक केस उरला नव्हता. कुठंही गेले तरी पिशवीत वाख असायचाच. पारावर, तेराव्याला, ग्रामसभेत, हात आपले चालूच. एकदा वसमतच्या एस.टी.त शेजारी झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या उपरण्याच्या दशा त्यांनी बोलता बोलता आपल्या दोरात वळून टाकल्या. वसमत आलं, म्हातारा उठला आणि सासरेही त्याच्यामागं ओढले गेले. म्हातारा भांडायला लागला, तर सासरे त्याला म्हणाले, "भांडा नंतर, आधी पीळ बघा कसा बसलाय."

मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला जमीन विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. डोंगरकड्याला माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, तेही विचारलं नाही. पोहे झाल्यावर गोठ्यात नेलं, हातात कासरा दिला आणि म्हणाले, "बांधून दाखवा." मला खताच्या गोणीचं तोंड बांधायची गाठ येत होती, तीच मारली. त्यांनी ती एका बोटानं सोडली आणि घरात जाऊन निवाडा दिला, "पोरगं नीट हाय. गाठ कच्ची हाय. पर आपली प्रतिक्षा काय बैल न्हाई, राहील." अशा रीतीनं माझं लग्न ठरलं.

प्रतिक्षाला रुखवताची भारी हौस. थर्माकोलचं तुळशीवृंदावन, मण्यांचा हत्ती, क्रोशाचे रुमाल, वायरच्या पिशव्या, सुपाऱ्यांचे नवरानवरी, सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलेलं होतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिनं सुतळीचं एक शोभेचं चित्र पाहिलं आणि ती बापाकडं गेली. म्हणाली, "आबा, रुखवतात एक वस्तू तुमच्या हातची पाहिजे. निसर्गातलं काहीतरी करा. फूल म्हणा, पाखरू म्हणा. भिंतीला लावता आलं म्हंजी झालं."

सासऱ्यांनी विचारलं, "त्यानं बांधायचं काय?"

"काहीच न्हाई. नुसतं बघायचं."

काहीच न बांधणारी दोरी ही कल्पना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. पण लेकीनं आपण होऊन मागितलं होतं, आणि तसं तिनं याआधी काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं. ते कामाला लागले. आधी सूर्यफूल केलं. दुसऱ्या दिवशी आशाबाई तेच डोक्यावर चुंबळ म्हणून घेऊन त्यावर घागर ठेवून आल्या. मग मोर केला. त्याच्या पिसाऱ्यानं शेजारणीनं अंगण झाडलं आणि चांगला कुंचा आहे, अजून एक करून द्या, असा निरोप पाठवला. सासऱ्यांना ते फार लागलं. हातात कसब असून चीज ओळखूच येत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

मग एक दिवस ओढ्याकाठच्या उंबरावर त्यांना आग्या मोहोळ दिसलं. फांदीखाली अर्ध्या चंद्रासारखं लोंबणारं, काळंपिवळं, आणि मधूनच त्याच्यावरून लाट फिरायची, वाऱ्यानं गहू हलावा तशी. सासरे खालीच बसले. बघता बघता इतके रंगले की सवयीनं बिडी पेटवली. मोहोळाखाली धूर केल्यावर जे व्हायचं ते झालं. घरी आले तेव्हा डोळे मिटलेले आणि तोंड भोपळ्याएवढं. आशाबाई म्हणाल्या, "आता लग्नात नवरीचा बाप कोनता म्हनून दावू मी लोकाला?" सासरे सुजलेल्या ओठांतून एवढंच म्हणाले, "सापडलं."

सगळा हिवाळा त्यांनी त्या मोहोळावर घातला. ओल्या तुराट्या वाकवून सांगाडा केला, त्यावर वाख गुंडाळला. मग माश्या. एकेक माशी म्हणजे वाखाची एकेक गाठ, आणि गाठीची दोन टोकं पिंजारून केलेले पंख. पोटाला घरचीच हळद. काळ्या रंगासाठी बाभळीची साल उकळून त्यात गंजलेला फाळ टाकून ठेवला. गाठी सरळ ओळीत न मारता तिरक्या मारत नेल्या, म्हणजे बघणाऱ्यानं मान हलवली की माश्या हलल्यासारख्या वाटाव्यात. शेवटी चूक केली ती दोर वळणाऱ्यानंच करावी अशी. मेण लावलेला दोर सडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून पिळून टाकलेलं खरं पोळं आणून त्यांनी ते सगळ्या मोहोळाला घसघसून चोळलं. त्यात मधाचा अंश राहिला होता, तो त्यांनी हिशेबात धरला नाही.

लग्नाला आठवडा असताना त्यांनी ते लेकीला दाखवलं. प्रतिक्षा आधी दोन पावलं मागं सरकली आणि मग रडायला लागली. "मी फूल म्हनलं व्हतं, आबा. ह्ये काय? नवरीच्या रुखवतात मोहोळ? लोक हसतील मला."

"हसनार न्हाईत," सासरे म्हणाले. ते त्यांचं खरं ठरलं. कुणीही हसलं नाही.

रुखवताच्या टेबलावर ते मांडायचं नाही, असं प्रतिक्षानं सांगून टाकलं. सासऱ्यांनी मान डोलावली. पण हिवाळाभराचं काम लेकीच्या रुखवतात धरलंच जाणार नाही, हे त्यांना सोसवेना. मोहोळ काय टेबलावर ठेवायची चीज आहे, ते झाडाला पाहिजे, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत काढली आणि लग्नादिवशी पहाटे मांडवाच्या कडेच्या लिंबाला, बरोबर टेबलाच्या वर, ते टांगलं. वर पटकुराचा पडदा घातला. वऱ्हाड मारुतीहून मांडवात आलं की पडदा काढायचा, असा बेत.

वऱ्हाड आलं. बँड जोरात, पुढं पोरं नाचतायत, मी मुंडावळ्या बांधून नव्या सफारीत. सासऱ्यांनी पडदा ओढला. आमचे थोरले काका, म्हणजे आमच्याकडचं सगळ्यांत वजनदार माणूस, पुढं होते. त्यांना पूर्वी एका जत्रेत आग्या माश्या डसल्या होत्या आणि तेव्हापासून ते साधी माशी दिसली तरी घोंगडं मागायचे. त्यांनी वर पाहिलं, बँडवाल्यांना हातानंच थांबायची खूण केली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कुनी हलू नका. आग्या हाय."

बँड थांबला. सगळे जागच्या जागी. खरं तर तिथंच निभावलं असतं. पण मधाच्या वासानं दोन-चार खऱ्या माश्या त्या मेणाभोवती घोंगावत होत्या, त्यातली एक येऊन क्लॅरोनेटवाल्याच्या नाकावर बसली. त्यानं वाद्य टाकलं आणि तो पळाला. पुढचं काय सांगावं. पळता भुई थोडी झाली. कुरुंद्याच्या ज्या लोकांना ते मोहोळ खोटं असल्याचं माहीत होतं तेही पळाले, कारण पळणारा दिसला की आधी पळायचं आणि मग विचारायचं ही आमची जुनी रीत आहे. थोरले काका कडब्याच्या गंजीत शिरले. बायका घरात, पोरं गोठ्यात. हळद शिजवायची भलीमोठी कढई भिंतीला तिरपी टेकवून ठेवली होती, तिच्यामागं मी शिरलो. आत हळदीचा थर. आदल्या दिवशी अंगाला लागली होती ती आता सफारीलाही लागली.

कढईच्या फटीतून मला मांडव दिसत होता. सगळा रिकामा. मध्ये एकटे सासरे उभे, आणि हात वर करून सांगतायत, "खोटं हाय वं. अंबाडीचं हाय. म्या केलंय." गंजीतून काकांचा आवाज आला, "मानूस भरमला. डोक्यात डसली वाटतं." मग सासऱ्यांनी स्टुलावर चढून ते मोहोळ दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला गाल लावून उभे राहिले, लोकांची खात्री पटावी म्हणून. कुणी आलं नाही. नवा फेटा बांधलेला, मोहोळाला गाल लावून उभा असलेला तो माणूस बघून मला कढईमागं हसायचं सुचलं नाही. हसू फार नंतर आलं.

हळूहळू लोक गोळा झाले. पण काका काही केल्या ऐकेनात. मोहोळ खोटं असेल तर माश्या खऱ्या कशा, असा त्यांचा सवाल, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. त्यांनी काठीला चिंधी गुंडाळून टेंभा पेटवायला सांगितला. ते जाळल्याशिवाय नवरा मांडवात पाय ठेवणार नाही. वाळलेला मांडव, वर मेण लावलेली अंबाडी आणि काकांच्या हातात टेंभा. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. भटजी घड्याळाकडं बघून राहिले. मुहूर्त टळायला आला.

तेवढ्यात प्रतिक्षा दारात आली. तिनं बापाकडं पाहिलं नाही. खाली बघूनच म्हणाली, "आबा, काढा ते."

सासरे पुढं आले. पुन्हा स्टुलावर चढले आणि गाठ सोडायला लागले. आता त्यांची गाठ ती. सुटेचना. कुणीतरी विळा पुढं केला, तो त्यांनी परत दिला. आपली गाठ कापायची नाही हा त्यांचा नेम. भटजी मंगलाष्टकं तोंडातल्या तोंडात सुरू करून थांबतायत, काकांचा टेंभा विझतोय, आणि सासरे दातांनी गाठ सोडतायत. अखेर सुटली. त्यांनी मोहोळ घोंगड्यात गुंडाळलं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. अक्षता पडल्या तेव्हा ते कोपऱ्यात उभे होते आणि त्यांच्या हातात काहीही नव्हतं. आशाबाई म्हणतात, रिकाम्या हातांचा नवरा त्यांनी त्या दिवशीच पाहिला.

ते मोहोळ गोठ्यातच राहिलं असतं. पण माझी आई, धुरपताबाई, देण्याघेण्यात फार काटेकोर. टेम्पोत रुखवत चढवताना तिनं घोंगड्याकडं बोट दाखवलं. "ते बी घ्या. दिसलं ते आमचं. रुखवताची वस्तू माघारी ठेवत नसतेत." काकांनी त्या टेम्पोत बसायचं नाकारलं आणि मिळेल त्या गाडीनं ते डोंगरकड्याला आले.

घरी ते माळ्यावर पडलं. प्रतिक्षानं त्याचं नावसुद्धा काढलं नाही. पण गावानं काढलं. नवी सून पाण्याला निघाली की बाया एकमेकींना सांगायच्या, "मोहोळवाली आली." दुकानात माणसं युरिया मागायच्या आधी मला विचारायची, "काय रामकिशनशेठ, आज माश्या बसल्या का न्हाई?" ती घरात येऊन गुपचूप रडायची आणि बापावर चिडायची. सणाला माहेरी गेली की बापाशी धड बोलायची नाही. सासऱ्यांना ते कळत होतं. कधी आले तर माळ्याकडं नजर न टाकता निघून जायचे.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीजवळच्या तुकड्यात आम्ही भुईमूग लावला. प्रतिक्षानंच तो सांभाळला होता, पहिलंच पीक तिच्या हातचं. शेंगा भरायला लागल्या आणि वानरं आली. आमच्याकडची वानरं म्हणजे जावयासारखी; येतात वेळेवर, खातात भरपूर, आणि हाकललं तर रुसत नाहीत. मी फटाके वाजवले, तर ती झाडावर बसून ऐकत राहिली. कुत्रं बांधलं, ते तिसऱ्या दिवशी वानरांच्या पोरांशी खेळायला लागलं. माझी लग्नातली पिवळी पडलेली सफारी घालून बुजगावणं उभं केलं, तर एक हुप्प्या त्याच्या खांद्यावर बसून शेंगा फोडायचा. प्रतिक्षा रडकुंडीला आली.

एका सकाळी ती माळ्यावर चढली, घोंगडं खाली टाकलं आणि मला एक शब्द न विचारता वावराकडं निघाली. बांधावरच्या बाभळीला तिनं मोहोळ टांगलं. त्या दिवशी वानरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आपल्याकडं चांगली बातमी पोहोचायला वेळ लागतो आणि अर्धवट बातमी लगेच पोहोचते. वसमतच्या हळदीच्या बाजारात कुणीतरी सासऱ्यांना सांगितलं, "तुमच्या लेकीनं तुमचं रुखवत वावरात बुजगावनं केलंय की." सासरे हळद तशीच टाकून डोंगरकड्याला आले. ओट्यावर बसले. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून सोबत कॅनमध्ये कुरुंद्याचं पाणी आणलं होतं, ते प्यायले आणि मला म्हणाले, "जावईबापू, ते मोहोळ म्या घिऊन जातो. तकलीफ झाली तुमाला."

आम्ही वावराकडं निघालो. मला वाटलं, आता बापलेकीचं कायमचं बिनसणार. प्रतिक्षा भुईमुगात खुरपत होती. बापाला बघून तिचा चेहरा उतरला, पण तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पलीकडं दाखवलं.

बांधापलीकडच्या चिंचेवर वानरांचा कळप बसला होता. एक मोठा हुप्प्या खाली उतरून बाभळीच्या दिशेनं आला. वाऱ्यानं मोहोळ हललं, तिरक्या गाठींवरून लाट फिरली. हुप्प्या थांबला. मान वाकडी करून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग घशातून खर्रर्र असा आवाज काढून मागं वळला, आणि अख्खा कळप त्याच्यामागं निघून गेला.

सासरे बांधावर बसले. म्हणाले, "मानसं फसली त्यात काय न्हाई. मानूस कशालाबी फसतो. पर वानर रानातलं हाय. त्याला वाटलं म्हंजी बराबर जमलंय." आणि उपरण्यानं डोळे पुसले.

प्रतिक्षा खुरपं टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. "आबा, न्यायला आलेत काय तुमी?"

"व्हय. पर न्हाई नेत."

"नेऊ नकाच. आनखी एक करा. वरल्या वावरात बी येऊन राहिलेत ती." हाताची माती झाडत ती म्हणाली, "अक्षता पडायच्या आधी म्या तुमाला ते काढायला लावलं. तवापासून जिवाला घोर हाय माझ्या."

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आनखी एक म्हंजी एवढंच, का मोठं?"

"मोठं करा."

त्या हिवाळ्यात त्यांनी दुसरं केलं, पहिल्याच्या दीडपट. मी टेम्पो सांगतो म्हणालो, पण प्रतिक्षानं ऐकलं नाही. ते आणायला ती स्वतः कुरुंद्याला गेली आणि एस.टी.नं घेऊन आली. बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. ती उघडं मोहोळ हातात घेऊन चढली आणि अर्धी गाडी मागच्या दारानं उतरली. कंडक्टर तिकीट द्यायला जवळ येईना. रिकाम्या झालेल्या बाकावर ती मोहोळ मांडीवर घेऊन ऐसपैस बसली, आणि डोंगरकडा येईपर्यंत, कुणी विचारो की न विचारो, सगळ्यांना सांगत राहिली, "भिऊ नका. आमच्या आबानं केलंय."